काढून ठेवलेलं दार

"अहो, ठेवा तो पेचकस खाली. आधी चहा प्या."

"चहात पोपडा पडलाय," हे म्हणाले आणि दाराच्या वरच्या बिजागरीचा स्क्रू काढायला लागले.

खरंच पडला होता. आमच्या कन्येने आपल्या खोलीचं दार असं आपटलं की चौकटीजवळच्या भिंतीचा पोपडा सुटला आणि थेट यांच्या कपात पडला. मी फक्त 'मोजे धुवायला टाक' एवढंच म्हटलं होतं. वय पंधरा, राग सदा नाकावर. परीक्षा संपल्यापासून हेच चाललं होतं. हाक मारली की दार, जेवायला बोलावलं की दार, मैत्रिणीचं विचारलं तर उघडून पुन्हा एकदा दार.

आणि हे सगळं कुणाच्या घरात, तर दारं बसवणाऱ्या मिस्त्रीच्या. यांनी बसवलेलं दार बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटतं, असं लोक सांगतात. आमच्याच घरी सकाळ-संध्याकाळ धाड. जिव्हारी लागलं होतं ते त्यांच्या.

"आता आपट," ते तिला म्हणाले. दार उचलून त्यांनी गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं.

मला वाटलं, आता पोरगी घर डोक्यावर घेणार. ती दप्तर उचलून निघून गेली. शाळेतून आली, चौकटीत दोरी बांधली आणि तिच्यावर चादर टांगली.

"बघितलंस?" हे खूश. "एका दिवसात सरळ आली."

सरळ कसली. बोलावलं की जेवायला यायची, अर्धं ताट तसंच ठेवून उठायची. मोजे धुवायला पडायचे. मी केस विंचरायला सांगितलं तर 'हो' म्हणाली आणि विंचरले नाहीत. चादरीच्या फटीतून बघावं तर भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची ती कुरळ्या केसांची मैत्रीण, जी लहानपणापासून आमच्याच घरी जेवायची, तिचा कधीपासून पत्ता नव्हता.

"कुरळी का येत नाही गं?"

"मला काय माहीत."

"भांडलात का?"

"नाही."

"मग झालंय काय तुला?"

"काही नाही, आई."

या 'काही नाही'ने माझं डोकं पिकलं होतं. धाडधाड दार आपटणारी परवडली, निदान घरात कुणी राहतंय असं वाटायचं.

"अहो, ती शांत झाली नाहीये, गप्प झालीये," मी यांना सांगितलं. "बसवा ते दार."

"दार बसवलं की पुन्हा सुरू."

"होऊ दे सुरू."

"पोपडा पुन्हा माझ्याच कपात पडणार ना?" असं म्हणून हे कूस बदलून झोपले. बाप तसा, लेक तशी. मी हात टेकले.

सुट्टीच्या दिवशी या माणसाला स्वस्थ बसवत नाही. दार आहेच काढलेलं, तर खालची कड घासून घेऊ, म्हणून त्यांनी ते गॅलरीत दोन स्टुलांवर आडवं केलं, खोलीकडची बाजू वर. रंधा हातात घेतला आणि तसेच थांबले.

"इकडे ये जरा. हे काय लागलंय?"

खालच्या अर्ध्या भागात पॉलिश उडून लाकूड मळकट झालं होतं आणि त्याच्या वर एक तेलकट गोल डाग होता. मी बोट लावून पाहिलं.

"तेल आहे. केसांचं."

त्यांना पटेना. त्यांनी दार भिंतीशी उभं केलं, खाली फरशीवर बसले आणि पाठ टेकवून पाहिली. डाग त्यांच्या डोक्याच्या जरासा खाली आला.

"दार आपटून ती इथेच बसायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, आत जाऊन कानात गाणी घालून पलंगावर पडत असेल. म्हणून तर मी एवढा आवाज चढवून बोलायचो. एका फळीपलीकडे होती गं ती."

मला त्यांचा राग आला होता तो आलाच होता, पण त्या क्षणी वाईटही वाटलं.

"बसवतो," ते उठत म्हणाले. "दार धरायला ये."

"माझी कंबर धरलीये," मी म्हणाले. कंबर ठणठणीत होती. "पोरीला बोलवा."

ती आली. चादर काढून खोलीत उभी राहिली, दोन्ही हातांनी दार धरून. बाहेरून तिची फक्त बोटं दिसत होती. हे इकडून बिजागरीशी.

"थोडं वर घे. अजून. पाय लाव खाली."

"लावलाय."

"जड होतंय?"

"नाही."

पहिला स्क्रू बसला. मग दुसरा. मी चहा घेऊन आले तेव्हा हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी बाहेरून काय काय बोलायचो, सगळं ऐकू यायचं ना तुला?"

दारामागूनच ती म्हणाली, "त्यांनी मला त्यांच्यातून काढून टाकलं, बाबा. सगळ्यांनी. कुरळीनेसुद्धा. डब्याला कुणी शेजारी बसू देत नाही."

"कधीपासून?"

"परीक्षेपासून." तिचा आवाज फाटला. "आणि मी काय केलं तेही कुणी सांगत नाही."

मी पुढे होणार, तेवढ्यात यांनी हातानेच मला थांबवलं. ती बोलत होती, थांबत होती, नाक ओढून पुन्हा बोलत होती. शेवटचा स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता, मला तिथून दिसत होतं. हे तो अर्धा सोडवायचे आणि पुन्हा आवळायचे.

"धरू ना अजून?" तिने आतून विचारलं.

"धर," हे म्हणाले. "बसत नाहीये अजून."

मी चहा परत नेऊन झाकून ठेवला.