मास्तरांच्या मापाचा कोट

आमच्या कारखान्यात लाकडी पुतळा नव्हता. जिथे कोट शिवतात तिथे असा एक तरी पुतळा असतोच, बिनडोक्याचा, बिनहाताचा आणि पगारवाढ न मागणारा. पण आमचे थोरले मालक म्हणायचे, पुतळ्याला कोट घालून चार पावलं चालायला सांगा बघू. पुतळा काही चालायचा नाही. म्हणून त्यांनी पुतळ्याच्या जागी कटिंग मास्तरांना उभं केलं.

मास्तर तेव्हा ऐन उमेदीत होते. खांदे इतके समपातळीत की शेजारच्या बांधकामावरचे गवंडी आपली पाणसळ बरोबर आहे की नाही ते बघायला आमच्याकडे यायचे, मास्तरांच्या मानेमागे ठेवून पाहायचे आणि समाधानाने परत जायचे. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या गवंड्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत.

नवा नमुना निघाला की त्याचा पहिला कोट मास्तरांच्या अंगावर चढायचा. मास्तर कटिंगच्या टेबलावर उभे राहायचे. सगळी मशीनं थांबायची. मी इस्त्री उभी करून ठेवायचो. मास्तर हात वर करत, वळत, दोन येरझारा घालत आणि शेवटी म्हणत, "चालेल." एवढा एक शब्द पडला की त्या कोटाबरहुकूम शेकड्यांनी कोट निघायचे. आमच्याकडे माप म्हणजे मास्तर.

थोरले मालक गेले आणि त्यांच्या सुनेने कारभार हातात घेतला. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. वहिनी दुष्ट असती तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण तिने कधी कुणाला "थांब" म्हटलं नाही. थांबायचे ते मास्तर. कामं वाढली तसे ते सगळ्यांच्या आधी यायला लागले आणि सगळ्यांच्या मागून जायला लागले. मग हळूहळू सगळेच जाईनासे झाले.

टेबलाशी एक स्टूल होतं. त्यावर मास्तरांची पिशवी बसायची, मास्तर कधी बसले नाहीत. डबा उभ्यानेच, एका हातात घास नि दुसऱ्या हातात खडू.

काजबटण करणारी मावशी म्हणायची, "मास्तर, टेका की घटकाभर. स्टूल काही चावत नाही."

"बसलं की हाताला गंज चढतो, मावशी."

"तुमच्या हाताला चढेल. माझ्या डोळ्यांना आधीच चढलाय."

यावर सगळे हसायचे, मास्तरसुद्धा. पण संध्याकाळी कुणी पिशवी खांद्याला लावली की मास्तर कापडावरची नजर न काढता म्हणायचे, "निघालात? जा, जा. घर काय, पळून थोडंच जातंय." एवढं बोलणं पुरायचं. मशीनवरचा लांबट, ज्याच्या गुडघ्यांना मशीनखाली कधी जागा मिळाली नाही, तो तर दारापर्यंत जाऊन परत येऊन बसायचा.

टेबल बुटकं होतं. डावा कोपर टेकवून उजव्या हाताने कात्री चालवायची, मान पुढे काढायची, आणि हे वर्षानुवर्षं. मास्तर वाकत गेले. एका दिवसात वाकले असते तर कुणीतरी बोंब मारली असती. ते रोज कणाकणाने वाकले. आणि माप म्हणजे मास्तर असल्यामुळे कोटही त्यांच्याबरोबर वाकत गेले. डावा खांदा उतरता, कॉलर पुढे झुकलेली, पाठीला पोक. आमच्या ते लक्षात कसं आलं नाही म्हणता? अहो, लांबट मशीनवर वाकलेला, मावशी सुईवर वाकलेली, मी इस्त्रीवर वाकलेलो. नवा कोट आमच्यापैकी कुणीही चढवावा, अंगावर ओतल्यासारखा बसायचा! आम्ही एकमेकांची पाठ थोपटायचो, तीही वाकडीच.

गोंधळ व्हायचा तो बाहेर. एका नवरदेवाने आमचा कोट घातला आणि सबंध समारंभभर तो नवरीच्या चपलांकडे बघत राहिला. सासरे सगळ्यांना सांगत सुटले, जावई फार नम्र आहे. एका न्यायाधीशाने आमचा कोट चढवला नि आरोपीपुढे असा काही वाकला, की आरोपीने उदार मनाने त्याला माफ करून टाकलं. बँडवाल्यांनी तर सगळ्यांसाठी कोट नेले. ते वाजवत निघाले की सूर थेट जमिनीत जायचा, आणि रस्त्याच्या कडेला मुंग्या बिळाबाहेर येऊन ऐकत बसायच्या.

शेवटी कोट परत यायला लागले. गठ्ठेच्या गठ्ठे. वहिनीने ते भिंतीलगतच्या दांडीवर ओळीने टांगायला लावले. मी शेवटचा हँगर अडकवला, दोन पावलं मागे सरलो आणि माझ्या तोंडची चेष्टा तोंडातच राहिली. मान टाकलेले, एक खांदा पडलेले कोट एकामागोमाग एक उभे होते. कारखाना सुटल्यावर आम्ही फाटकातून बाहेर पडायचो ना, अगदी तस्से.

"मास्तर, हे काय आहे?" वहिनीने विचारलं.

"गिऱ्हाइकं वाकडी आहेत, वहिनी. हल्ली कुणी ताठ उभंच राहत नाही."

 वहिनी आत गेली आणि थोरल्या मालकांच्या काचेच्या कपाटातून एक कोट घेऊन आली. मास्तरांच्या मापाचा अगदी पहिला कोट तो, त्यांनी हौसेने जपून ठेवलेला. "हा घाला."

नेमक्या त्याच वेळी मास्तरांची बायको दारात आली. मास्तर सकाळी डबा घरीच विसरले होते. डबा हातात धरून ती तिथेच थबकली.

मास्तर टेबलावर चढले. कोट घातला. तो पाठीवर ताणला गेला, पुढे पोटाशी पिशवीसारखा लोंबला, आणि डाव्या खांद्यावर तर एवढी पोकळी राहिली की तिथे चिमणीने घरटं बांधावं. मास्तरांनी खाली पाहिलं, बाही ओढली, कॉलर चाचपली आणि त्यांच्या खास आवाजात निकाल दिला, "हा कोट वाकडा शिवलाय."

 बायको दारातूनच बोलली.

"कोट सरळ आहे हो. लग्न झालं तेव्हा तुमच्या गळ्याचं बटण लावायला मला टाचा उचलाव्या लागायच्या. आता तुमचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येतात. मला वाटलं, मीच उंच झाले."

मावशीला हसू फुटलं आणि अर्ध्यात विरलं.

"एवढी वर्षं तुला दिसलं नाही?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

"उभे असे कितीसे दिसलात मला? येता ते आडवे होता, उठता ते निघता. मी तुम्हाला झोपलेलंच ओळखते."

तिने डबा स्टुलावर, पिशवीशेजारी ठेवला आणि ती गेली.

वहिनी म्हणाली, "मास्तर, मी पुतळा मागवते."

मास्तर टेबलावरून घाईघाईने उतरले. मी त्यांना अनेकदा चिडलेलं पाहिलं होतं, गयावया करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "पुतळा आला तर मी कोण, वहिनी? कात्री कुणीही चालवेल. माप मी आहे. नव्या नमुन्यापर्यंत थांबा. सरळ होऊन दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते पाठीला कापड मोजायची, गजाची लाकडी पट्टी बांधून आले. सदऱ्याच्या आतून, करकचून. ताठ उभे राहिले की त्यांना टेबलावरचं कापड दिसेना, आणि कापड बघायला गेले की पट्टी काचायची. तरी हटले नाहीत. उलट जास्तच थांबायला लागले, सरळ होण्याचं कामसुद्धा जादा वेळात उरकायचं म्हणून. एका दुपारी त्यांच्या हातून कात्री पडली. आता, कात्री कुणाच्याही हातून पडते. पण मास्तर ती उचलायला वाकले आणि बोटं मिटेनात. ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत, तसे ते त्यांच्याकडे बघत राहिले. सगळी मशीनं आपोआप थांबली.

वहिनीने कात्री उचलली, पण त्यांच्या हातात दिली नाही. "घरी जा, मास्तर."

"घरी जाऊन काय करू?"

अशा वाक्यावर लांबट एरवी सोडायचा नाही. त्या दिवशी तो आपल्या मशीनच्या चाकाकडे बघत बसला.

वहिनी ती रात्र झोपली नसावी. सकाळी तिने कटिंग टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या. लांबटचं मशीन उचलून घेतलं, मावशीला खिडकीशी नेलं. डबा बसून खायचा असं ठरलं, आणि दिवेलागणीला विजेचा मुख्य खटका ती स्वतः बंद करणार असं तिने सांगितलं. त्या संध्याकाळी खटका पडला. अंधार झाला. आणि आम्ही सगळे अंधारात आपापल्या जागी तसेच बसून राहिलो, कारण मास्तर टेबलाशी उभे होते. सवय किती पक्की असते बघा! मोकळं सोडलं तरी दावणीलाच.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी मास्तरांची बायको आली. तिने स्टुलावरची पिशवी उचलून मास्तरांच्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर बसली.

"अगं, इथे काय बसतेस?"

"तुमच्याकडे बसायची पद्धत नाही म्हणे. म्हणून म्हटलं, बाहेरच्या माणसाने सुरुवात करावी. चालू द्या तुमचं."

"अंधारात काय चालू देऊ?"

"मग चला."

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे छताकडे. शेवटी मावशी उठली. "मी निघते. घर पळून गेलं असलं तर निदान कुठल्या दिशेला गेलं ते तरी बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडात दिसेल," ती म्हणाली. मास्तरांना ते लागलं. पण ते हसले आणि चालू लागले.

माझी वाट तीच होती, म्हणून मी मागून चाललो होतो. चोरून ऐकत होतो असं कुणी म्हणेल तर म्हणो. कोपऱ्यावर मास्तर थांबले. "या घराला पिवळा रंग कधी दिला?"

"ते पिवळंच होतं हो. आपण इथे राहायला आलो तेव्हापासून."



त्यानंतर कोट कमी निघाले, हे लपवण्यात अर्थ नाही. एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. वहिनीच्या कपाळावरची आठी त्या वर्षी काही गेली नाही. पण डबा बसून खाताना कळलं की लांबट सुरेख शीळ घालतो. मास्तरांची बोटं पुन्हा मिटायला लागली, मान हळूहळू वर आली. पट्टी त्यांनी सोडून ठेवली होती. दुपारी भिंतीला पाठ लावून ते पाय पसरून बसायचे आणि मी रचलेल्या थापा ऐकायचे.

नव्या नमुन्याचा दिवस उजाडला. कोट मास्तरांनीच कापला होता, काचेच्या कपाटातल्या कोटावरून. मास्तर टेबलावर चढले. विटांमुळे टेबल उंच झालेलं, त्यामुळे लांबटने हात दिला. मशीनं थांबली. त्यांनी कोट घातला, बटणं लावली आणि हात खाली सोडले.

मान सरळ होती. पाठही बरीच सरळ होती. पण डाव्या बाजूला कॉलरपासून काखेपर्यंत एक सुरकुती तिरपी उतरली होती. मास्तरांनी खांदा उचलला, सुरकुती गेली. श्वास सोडला, ती परत आली. ती सगळ्यांना दिसली.

"चालेल की!" मावशी म्हणाली, जरा मोठ्याने.

"झकास बसलाय," लांबट म्हणाला.

मीही काहीतरी बोललो. आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या दिवशीची माझी थाप अगदीच लंगडी पडली.

मास्तर त्या सुरकुतीकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बटणं काढली. "कोट बरोबर आहे," ते म्हणाले. "हा खांदा आता वर येत नाही. माझ्यावर मापू नका, वहिनी. पुतळा मागवा."

कोट त्यांनी नीट घडी घालून माझ्याकडे दिला आणि उतरायला पाय खाली सोडला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "उतरू नका."

तिने टेप घेतला. शिवणकाम तिला कधीच आलं नाही. टेप उलटा धरलेला मावशीने सुलटा करून दिला. स्टुलावर चढून वहिनी मास्तरांच्या खांद्याशी टेप लावायला लागली.

"हे काय?"

"तुमचं माप."

"माझं?" मास्तर गोंधळले. सगळ्या जगाला कोट घालणाऱ्या त्या माणसाचं माप आजवर कुणी त्याच्यासाठी म्हणून घेतलं नव्हतं. ते सवयीने ताठ झाले, छाती काढली, खांदा वर खेचला.

"ताठ नका राहू. जसे आहात तसे उभे राहा."

त्यांना ते पटकन जमेना. मग हळूहळू त्यांनी अंग सैल सोडलं. डावा खांदा आपल्या जागी खाली आला. वहिनीने त्यावर अंगठा ठेवून किंचित दाबलं.

"इथे दुखतं का?"

मास्तरांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, ते आता काहीतरी फटकारतील.

"हो," ते म्हणाले. "फार वर्षं झाली."

 मग लांबट, मशीनवरून न उठता, म्हणाला, "माझी मान. रात्री कुशीवर वळता येत नाही."

"माझे डोळे," मावशी म्हणाली.

माझ्या मनगटाचं मीही सांगितलं, आणि त्यात पदरचं काही घातलं नाही.

वहिनी स्टुलावरून उतरली. तिने मास्तरांना हात देऊन खाली घेतलं, टेप गळ्यात टाकला आणि आधी मावशीपाशी जाऊन बसली.