शू येनचं कोणतं गाणं

दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले होते. लाल रंग उडालेले, कडांना हातांच्या घामानं काळपटलेले लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे – एक तिच्या चपलेपाशी, दुसरा गडगडत जाऊन उदबत्त्यांच्या डब्याला टेकलेला. एक उताणा, एक पालथा पडला असता तर होकार; दोन्ही पालथे म्हणजे नकार; आणि दोन्ही असे उताणे म्हणजे पलीकडचं माणूस नुसतं हसतंय. का हसतंय ते कौल सांगत नाही. ग्वेक हुआनं तुकडे उचलले, कपाळाला लावले, पुटपुटत पुन्हा विचारलं – ताची, तुला ‘पुलापलीकडचा दिवा’ हेच गाणं हवंय ना? – आणि टाकले. ताची पुन्हा हसली.

हसायला काय झालं तुला... मी इथं दुखरे गुडघे टेकून बसले आहे.

“हेच ना, हेच ना, असं विचारशील तर कुणीही हसेल,” मंडपाची देखरेख करणारे केंग अंकल मागून म्हणाले. हातातल्या फडक्यानं ते फळांच्या राशीवरच्या माश्या हाकत होते. “दुसऱ्या गाण्याचं विचारून बघ की. की भीती वाटते?”

“भीती कसली, अंकल? पाय आखडलेत माझे.”

“मग ऊठ. बहीण तुझी जाते कुठं? महिनाभर इथंच आहे ती.”

त्यात खोटं काही नव्हतं. मेलेल्यांना चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात सुट्टी असते आणि गल्ल्यागल्ल्यांतून त्यांच्यासाठी गाणी होतात. आज ग्वेक हुआच्या गल्लीची पाळी होती. नाक्यावर स्टेज उभं राहत होतं, त्यासमोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या, आणि त्यातली पहिली रांग रिकामी राहणार होती, कारण ती मेलेल्यांची. नवखा माणूस चुकून बसलाच तर म्हाताऱ्या त्याला दंडाला धरून उठवतात. ज्या घरात यंदा कुणी गेलं त्या घरानं एक गाणं सांगायचं, तेही स्टेजवाले जेवायला जायच्या आत. बाकीच्या घरांना घाई नव्हती. त्यांची माणसं घरच्या देव्हाऱ्यात, आजोबा-पणजोबांच्या शेजारी बसून जेवत होती. ताची तिथं नव्हती. स्वी लान – ग्वेक हुआची ताची, मोठी बहीण – बिनलग्नाची गेली, आणि बिनलग्नाच्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते. सगळ्या गल्लीचे केस कापणाऱ्या ताचीचा फोटो बाजारामागच्या देवळात, अनोळखी बायकांच्या रांगेत, फळीवर ठेवलेला होता. जन्मभर ज्या घरात राहिली त्या घरात तिला कुणी बोलवायचं नाही. बोलावणं जाणार ते एवढंच, या रांगेतल्या खुर्चीचं. आणि तेही चुकीच्या गाण्यानं गेलं तर?

घरी मा दारातच बसली होती, पुढ्यात मोडांची परात. एकेका मोडाची शेपटी नखानं खुडायची आणि पाण्यात टाकायचं. नजर गेली तरी तिची बोटं चुकत नव्हती.

“सांगून आलीस?”

“अजून नाही.”

“त्यात एवढं काय अडलंय? ‘संत्र्याच्या बागेत’. शू येनचं. स्टेजवरच्या पोरींना सगळ्यांना येतं ते.”

“मा, तिला ते आवडायचं नाही.”

“तुला कुणी सांगितलं?”

कुणी सांगायला कशाला हवं? चाळीस वर्षं एका खोलीत, एका पंख्याखाली झोपलो आम्ही. तैवानहून आलेली शू येनची ती एकच कॅसेट – वेष्टनावर पिवळा झगा, कपाळावर कापलेले सरळ केस. ताचीनं आरशात बघून स्वतःचे तसेच कापले होते आणि मानं तिला आठवडाभर डोक्याला फडकं बांधून फिरायला लावलं होतं. पाहुणे आले की मा म्हणायची, लान, ते संत्र्याचं गा. ताची उभी राहायची, हात पुढे बांधून, आणि गायची – हसत, मान वेळावत, बाग, उन्हं, टोपली – आणि खोलीत आल्यावर गादीवर अंग टाकून म्हणायची, सुटले बाई. सुटले, असंच म्हणायची ना? की ते पाहुण्यांबद्दल असायचं? मुलगी बघायला आलेले असायचे ते, आणि तेही हळूहळू यायचे थांबले. गाणं तेवढं राहिलं.

“मला ठाऊक आहे तिला आवडायचं नाही ते,” मा एकाएकी म्हणाली. बोटं थांबली नाहीत. “आंधळी आत्ता झाले, तेव्हा नव्हते. नाक कसं फुगायचं तिचं गाताना! पण गायची ना माझ्यासाठी? न आवडता गायची. मग आजही येईल. देव्हाऱ्यात मी तिला घेऊ शकत नाही, तुझ्या बापाची माणसं उठून बसतील. निदान माझ्या गाण्याला तरी येऊ दे.”

ग्वेक हुआनं खाली बसून परातीतले मूठभर मोड पुढं ओढले आणि खुडायला लागली.

“जाड खुडतेस,” मा म्हणाली. “लान बारीक खुडायची.”

ताचीला ‘पुलापलीकडचा दिवा’ आवडायचं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं. पुलापलीकडं एक दिवा लागलेला असतो आणि बाई अलीकडं उभी असते, बस्स, एवढंच ते गाणं, आणि मा म्हणायची, घरात असलं रडं लावू नका, अवदसा येते. म्हणून दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचं. इस्पितळात ताचीची वाचा गेली तेव्हा ग्वेक हुआनं तिच्या कानाशी शू येनची सगळी गाणी एकेक करून सांगितली होती – हे लावू? हे? – आणि पुलाचं नाव घेतल्यावर चादरीवरचं बोट हललं होतं. हललं होतं, मी पाहिलं. नर्स म्हणाली, सलाईनमुळे हलतं कधीकधी. तिला काय कळतंय. मी तेव्हा रडले, ताचीनं मला शेवटचं काहीतरी सांगितलं म्हणून रडले, आणि मग रोज तेच एक नाव घेत राहिले. बाकीच्यांची घेतलीच नाहीत पुन्हा.

बाकीच्यांची घेतली का नाहीत?

मोड तसेच टाकून ती आत गेली. कॅसेट कपाटात ताचीच्या कात्र्यांच्या डब्यात होती. वाजवायला घरात काही उरलं नव्हतं, पण तिला वाजवायची नव्हती, बघायची होती – फीत कुठं झिजली आहे ते. तिनं पेन्सिल खुपसून चाक फिरवलं. सुरुवातीची फीत गुळगुळीत, तपकिरी. फिरवत फिरवत शेवटाकडं आली तशी ती सुरकुतलेली, कडा दुमडलेली, एके ठिकाणी नेलपॉलिश लावून सांधलेली. बघ. पुन्हा पुन्हा मागं नेऊन इथंच ऐकलेलं. हेच. आता मालाही दाखवता येईल, म्हणजे हाताला लावून... तिचा जीव जरा खाली पडला, आणि त्याच क्षणी तिला ते बटण आठवलं – मागं न्यायचं बटण, कडक, दाबलं की बोटाच्या टोकाला पांढरा वळ उठायचा. वळ तिच्या, ग्वेक हुआच्याच बोटाला उठायचा. टेप तिच्या उशाशी असायचा, कारण ताचीला पहाटे उठून दुकान उघडायचं असायचं. ताची भिंतीकडं तोंड करून झोपलेली असायची, आणि अंधारात तिची ती पाठ म्हणायची, पुरे गं आता, झोपू दे.

पुरे गं आता.

किती वेळा म्हणाली असेल. आणि मी आवाज आणखी बारीक करायची, पण बंद करायची नाही.

मग तुझं कोणतं, ताची? कधी विचारलंच नाही का मी? तिनं आठवून पाहिलं – न्हाणीघरात गुणगुणायचीस ते? गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकताना शीळ घालायचीस ते? चाल येत होती, पण आवाज येत नव्हता. जी चाल आठवावी ती स्वतःच्याच घोगऱ्या गळ्यातून येत होती, आणि ताचीचा आवाज कसा होता हे शोधता शोधता तिच्या हाताला एवढंच लागलं – पुरे गं. तेवढं मात्र लख्ख होतं, झोपेनं जडावलेलं, जरासं चिडकं. पेन्सिलीवर चाक अजून फिरत होतं. फिरवणारा हात आपला आहे हे तिला थोड्या वेळानं कळलं.

स्टेजजवळ गेली तेव्हा उन्हं कलली होती. स्टेजवाला बून हो कानामागची पेन्सिल काढून तयारच होता. चकचकीत टिकल्यांचा झगा आणि पायात रबरी चपला घातलेली एक पोरगी माइक ठोकून बघत होती.

“आंटी, तुमच्यासाठीच थांबलोय. पोटात कावळे ओरडताहेत. बोला.”

“शू येनचं.”

“शू येनचं कोणतं?”

“हिला कोणती येतात?”

“सगळी येतात मला,” पोरगी वरून म्हणाली. “संत्र्याच्या बागेला टाळ्या पडतात. पुलाचंही गाईन, पण लोक उठून जातात बघा त्याला.”

उठून जातात. ग्वेक हुआनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. खुर्च्या पुसून ओळीनं लावल्या होत्या, एकीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती, डुगडुगू नये म्हणून. ताची असती तर न आवडलेल्या गाण्याला उठून गेली असती, खुर्ची मागं ढकलून, नाक फुगवून. नाही तर मासाठी बसून राहिली असती, तेही नाक फुगवूनच. आणि आपण मागच्या रांगेतून तिची मान बघितली असती आणि सगळं कळलं असतं. आता यांतली कोणतीही खुर्ची मागं सरकणार नाही. संत्र्याचं लावा, पुलाचं लावा, रात्रभर लावा. माला वाटेल आली. मला वाटेल आली. तिला काय वाटेल ते आम्ही दोघी मिळून आजही ठरवणार, आणि ती काही म्हणणार नाही.

“आंटी?”

“पुलाचं म्हण बरं थोडं,” ती पोरीला म्हणाली. “नुसतं ऐकव.”

पोरगी गायली, चपलेनं ताल धरत, बरंच वरच्या पट्टीत. चांगलं गायली. कडवं संपलं.

“पुन्हा एकदा,” ग्वेक हुआ म्हणाली.

पोरीनं बून होकडं पाहिलं, त्यानं खांदे उडवले. ती पुन्हा गायली.

“पुन्हा.”

“आंटी, लिहू का मग हेच?”

पुठ्ठा लावलेल्या खुर्चीकडं कान देऊन ती उभी होती – चिडून का होईना, झोपेतून का होईना, कुणीतरी आता ‘पुरे गं’ म्हणेल म्हणून.