बाईंचा पाय आणि मी

मी एक नळी बोलतेय. नळी म्हटल्यावर डोळ्यांसमोर बागेला पाणी घालायची नळी आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी मोटारीच्या बॉनेटखालची नळी. काळी, रबरी, अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब. माझ्यातून पाणी जात नाही, तेल जात नाही, पेट्रोलही जात नाही. त्यामुळे माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

खोटं कशाला बोलू? घोळ माझाच होता. पण आळ दुसऱ्यांवर गेला, आणि त्या दुसऱ्यांत एक चांगलं हाडामांसाचं माणूस होतं. म्हणून तर बोलायला बसलेय.

जन्म कारखान्यातला. साच्यातून निघाले तेव्हा अंग इतकं गरम होतं की हात लावणाऱ्याने जाड हातमोजे घातले होते. पुढे एका तपासनिसाने मला दोन्ही हातांनी वाकवलं, एका टोकाला डोळा लावून उजेडाकडे बघितलं आणि खोक्यात टाकलं. माझं शिक्षण, परीक्षा, निकाल, सगळं तेवढ्यात उरकलं.

मग मला एका मोटारीत बसवलं. माझं एक टोक इंजिनाला जोडलेलं, चौथ्या सिलिंडरच्या अगदी उशाशी. दुसरं टोक ब्रेकच्या पेडलमागे असलेल्या एका गोल डब्याला. इंजिन चालू असलं की ते हवा आत ओढतं. ती ओढ मी डब्यापर्यंत पोहोचवते आणि त्या ओढीच्या जोरावर ब्रेकचं पेडल हलकं होतं. एवढी मोठी मोटार तुम्ही पायाच्या चवड्याने थांबवता ना, त्यात निम्मं काम माझं असतं. आता थोडी फुशारकी मारली तर काय बिघडलं?

ती मोटार घेतली एका शिक्षिकेने. गणित शिकवायच्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, मीही बाईच म्हणते. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी मोटार घेतली, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन वार ठरवून टाकले. नदीपलीकडे, चढावरच्या घरात, त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. बाई जायच्या, ताईचे केस धुवायच्या, नखं कापायच्या, तिच्याबरोबर पत्ते खेळायच्या आणि पत्त्यांवरून भांडून परत यायच्या. येताना गाडीत एकट्याच पुटपुटायच्या, "लबाड आहे नुसती. हुकूम लपवते."

अकरा वर्षं मी तो पाय ओळखत होते. ब्रेकवर पाय ठेवायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते. काही जण लाथ मारतात. काही जण घाबरत घाबरत शंभरदा टेकवतात. बाईंचा पाय शांत होता. वळण दिसायच्या आधीच तो पेडलवर येऊन बसायचा आणि हळूहळू भार द्यायचा. त्या पायाचं वय वाढलं, पण बळ काडीइतकंही कमी झालं नव्हतं. हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

एका सर्व्हिसिंगच्या वेळी मला धरून ठेवणारी क्लिप तुटली. तुटली ती तुटली, नवी कोणी लावली नाही. मग मी एका लोखंडी पट्टीवर टेकून राहिले. रोजची थरथर, रोजची घासाघीस, वर इंजिनाची धग. अखेर खालच्या बाजूने मला चीर पडली. वरून बघाल तर मी छान काळीभोर, ठणठणीत.

चिरेतून बाहेरची हवा आत शिरायला लागली. ती पहिली घुसायची ती शेजारच्या चौथ्या सिलिंडरमध्ये. पेट्रोल नेहमीएवढं आणि हवा नको तेवढी, मग तो बिचारा पेटणार कसा? इंजिन गचके खायला लागलं. याला गॅरेजवाले 'मिसिंग' म्हणतात. सिग्नलला थांबलं की सगळी गाडी उचकी लागल्यासारखी हलायची. वेग घेतला की बरी व्हायची. आणि हो, डब्याकडे जाणारी ओढ कमी पडल्यामुळे ब्रेक कडक झाला.

बाईंनी दोन्ही गोष्टी मुलाला सांगितल्या. "इंजिन गचके देतंय रे. आणि ब्रेक कडक लागतो." मुलगा भला माणूस, आईवर जीव असलेला. त्याने पहिली गोष्ट ऐकली तेव्हा डॅशबोर्डवर पेटलेल्या इंजिनाच्या पिवळ्या दिव्याकडे बघितलं. दुसरी ऐकली तेव्हा आईच्या पायाकडे बघितलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं. मशीन म्हणालं, चौथा सिलिंडर पेटत नाही. झालं! त्याने चौथ्याचा प्लग काढून फेकला, नवा घातला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग चारही प्लग बदलले. मग प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलली. मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. सगळे माझे शेजारी, अकरा वर्षांचा सहवास, एकाचाही दोष नव्हता. एकेक जण माझ्या डोळ्यांदेखत उचलला जात होता आणि मी मुकाट बघत होते. मला आवाज म्हणाल तर एक बारीकशी फुस्स. तीही बॉनेट लावलेलं असताना कोण ऐकणार?

"ब्रेकचंही बघा हो जरा," बाई त्याला म्हणाल्या.

"ब्रेकचे पॅड चांगले आहेत, काकू. वय झालं की पेडल जड वाटतंच. माझ्या आईला तर कुकरचं झाकणसुद्धा जड वाटतं."

तो हसला. बाईही हसल्या, पण त्यानंतर ब्रेकचं नाव त्यांनी काढलं नाही.

मग तो सोमवार आला. ताईकडून परतताना मुलगा बरोबर होता. घराच्या फाटकापाशी बाईंनी नेहमीसारखा ब्रेक दाबला, गाडी थांबेना. त्यांनी सगळा भार घातला. शेजाऱ्यांच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. मध्ये एक कुंडी होती, तिचा चुराडा झाला.

मुलाने हँडब्रेक ओढला.

"आई, आता पुरे," मुलगा म्हणाला. "आज कुंडी होती. उद्या कोणाचं पोर असेल."

बाईंनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चावी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मी रविवारी नेत जाईन तुला मावशीकडे. दर रविवारी, नक्की."

"ने," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत तीन वारांची बहीण होते. आता रविवारची पाहुणी होईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीचं दार उघडलं. बाई एकट्याच होत्या. चावी नव्हती, इंजिन बंद. त्या सीटवर ताठ बसल्या आणि ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल दगडासारखं झालं होतं. अहो, बंद गाडीत ब्रेक कोणाच्याही पायाला दगडच लागतो! इंजिनाची ओढ नसेल तर मी तरी काय पोहोचवणार? पण बाई गणिताच्या, मोटारीच्या नव्हेत. त्यांनी आपला पाय तपासला आणि स्वतःला नापास केलं. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय त्याचं."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! या पायाची एकुलती एक साक्षीदार मी, आणि गुन्हेगारही मीच.

मुलाने गाडी विकायला गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी येऊन बघतो म्हणालं. उचक्या देणारी गाडी कशी दाखवायची, म्हणून शुक्रवारी सकाळी मुलाने मला, म्हणजे गाडीला, दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेलं. उंच, किडकिडीत माणूस. पाना हातात घ्यायच्या आधी तो "थांबा" म्हणायचा, म्हणून लोकांनी त्याचं नावच थांबा ठेवलं होतं.

"चौथा सिलिंडर मिसिंग आहे," मुलगा म्हणाला. "प्लग, कॉइल, इंजेक्टर, सगळं बदलून झालं. आता काय बदलायचं ते बदला आणि मोकळं करा."

"थांबा. हे कधी होतं?"

"कधीही होतं."

"कधीही म्हणजे कधी? थंड असताना? गरम झाल्यावर? उभी असताना?"

"ते मला काय माहीत? मी थोडीच चालवतो रोज?"

"रोज कोण चालवतं?"

"आई. पण आता ती चालवणार नाही."

"त्यांना घेऊन या."

"अहो, मशीनने सांगितलंय ना, चौथा म्हणून!"

"चौथा रडतोय, एवढं मशीनने सांगितलं. त्याला चिमटा कोणी काढला ते मशीनला काय माहीत? आणा त्यांना."

मुलगा कुरकुरत गेला. तेवढ्यात थांबाने चौथ्याची कॉइल पहिल्याला लावली आणि पहिल्याची चौथ्याला. उचकी चौथ्यातच राहिली. प्लगांचीही अशीच अदलाबदल केली. उचकी तिथंच. "म्हणजे दोष तुमच्यात नाही," तो त्यांना म्हणाला, अगदी माणसांशी बोलावं तसं. मला तो माणूस आवडला. भीतीही वाटली.

बाई आल्या. थांबाने त्यांना स्टूल दिलं आणि विचारायला लागला. बाईंनी गणित सोडवल्यासारखी उत्तरं दिली. थंड-गरम सारखंच. सिग्नलला जास्त, वेगात नाही. ब्रेक दाबून उभं राहिलं की सगळ्यात जास्त.

"आणखी काही?"

"इंजिनाचं एवढंच."

"इंजिनाचं राहू द्या. गाडीत आणखी काही बदललंय का?"

बाईंनी मुलाकडे बघितलं. "गाडीत नाही, माझ्यात. पाय गेलाय माझा. ब्रेक दाबला जात नाही. सोमवारी भिंतीपाशी जेमतेम थांबवली गाडी."

"असं कोण म्हणालं?"

"मी स्वतः तपासून बघितलं."

"कसं?"

"गाडी बंद असताना. दोनतीनदा दाबून."

"बाई, बंद गाडीचा ब्रेक दोनतीनदा दाबला की माझ्याही पायाला दगड लागतो." मग तो मुलाकडे वळला. "तुम्ही बसा बरं आत. इंजिन चालू करा आणि ब्रेक दाबा."

मुलगा बसला. तरणाताठा गडी, जाड बुटांचा पाय. त्याने दाबलं. पेडल जेमतेम हललं. पुन्हा जोर लावला, सीटला पाठ टेकवून.

"किती कडक आहे?" थांबाने विचारलं.

मुलाने पाय काढला आणि काचेतून समोर स्टुलावर बसलेल्या आईकडे बघत राहिला.

तोवर थांबा बॉनेटखाली वाकला होता. इंजिन उचक्या देत होतं. त्याने कान जवळ आणला, हात माझ्या अंगावरून फिरवत खाली नेला आणि बोटाला चीर लागली. "आहे आहे," तो म्हणाला. पण तेवढ्यावर विश्वास ठेवेल तर तो थांबा कसला? त्याने पकड घेतली आणि इंजिनाच्या टोकापाशी माझा गळा आवळला. चिरेतली हवा आत जायची थांबली. इंजिन एकदा अडखळलं आणि एका लयीत चालायला लागलं. त्याने पकड सोडली, उचकी परत आली. पुन्हा आवळली, पुन्हा शांत. असा तीनदा त्याने माझा कबुलीजबाब घेतला. जीव घुसमटत होता, पण खरं सांगते, इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

"ही नळी," तो बाईंना म्हणाला. "गचकेही हिचेच आणि कडक ब्रेकही हिचाच. तुमचा पाय चांगला आहे. एवढ्या कडक ब्रेकवर तुम्ही भिंतीच्या आधी गाडी थांबवलीत, म्हणजे चांगलाच आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला उजवा गुडघा हाताने दाबून बघितला, अगदी सावकाश, जणू कोणी हरवलेली वस्तू परत आणून दिली होती.

"आई," मुलगा जवळ येऊन म्हणाला, "मी एकदाही ब्रेकवर पाय ठेवून बघितला नाही गं."

"नाही बघितलास. आणि मीही तुला बघ म्हणाले नाही. तू मला म्हातारी ठरवलंस, मी पटकन मान्य केलं. दोघांनाही शून्य."

थांबाने मला कापून काढलं, माझ्या जागी नवी नळी बसवली आणि नवी क्लिपही लावली. मुलाने बाहेर जाऊन फोन केला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. परत येऊन त्याने चावी आईपुढे धरली.

"आज शुक्रवार ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग ताई पत्ते पिसून बसली असेल. तू बसतोस बाजूला, की पायी जातोस?"

तो बाजूला बसला. मी बाकावर पडून ऐकत होते. गाडी गॅरेजबाहेर पडली, रस्त्यापाशी थांबली. कशी थांबली हे मला सांगता येणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो पाय मला जाणवला नाही. त्याचं वाईट वाटलं, आणि इतकं बरंही वाटलं की काय सांगू!

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. थांबाने माझा फाटका भाग टाकून दिला आणि उरलेला चांगला तुकडा हत्यारांच्या पेटीत ठेवला. कुठल्या इंजिनात हवा फुसफुसते असा संशय आला की तो माझं एक टोक कानाला लावतो आणि दुसरं टोक नळ्यांवरून फिरवतो. चोराला पोलीस केलंय त्याने. काम मला छान जमतं, माझ्या भाईबंदांच्या खोडी मला चांगल्या ठाऊक आहेत.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस म्हणालं की दार जड लागतंय, जिना उंच वाटतोय, ब्रेक कडक झालाय, तर त्याच्या हातापायाकडे बघू नका. आधी तुम्ही स्वतः तो ब्रेक दाबून बघा.