फडक्यामागची वीस मिनिटं

साखराबाई लिंगैक्य झाल्या त्याच्या एकविसाव्या दिवशी अमृतरावांना कंपनीचं उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या घरच्या कॅमेऱ्याचे सात महिन्यांचे व्हिडिओ आमच्याकडे पूर्ण सुरक्षित आहेत. मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच ते उघडता येतात, आम्हालाही नाही.

अमृतरावांनी ते दोनदा वाचलं. उत्तरात नाव ठेवायला जागा नव्हती. चाळीस वर्षं लातूरच्या गंजगोलाईत कुलपं विकलेल्या माणसाला एवढं कळत होतं की माल अस्सल आहे. आणि तो त्यांनीच पारखून घेतला होता.

त्यांना फार काही नको होतं. रोज सकाळी ओसरीत बसून साखराबाई तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या, तेव्हाचा त्यांचा आवाज हवा होता. पंचेचाळीस वर्षं तो फुकट कानावर पडत होता, त्यामुळे वेगळा साठवून ठेवावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

कॅमेरा शिवानीनं बसवला होता. लेक नांदेडला कॉलेजात शिकवायची आणि दोन तासिकांच्या मधल्या वेळात फोनवर लातूरची ओसरी बघायची. मग तिचा फोन यायचा, "आई, दूधवाला आज उशिरा आला ना?"

"माझ्या सासूनं सुदिक एवढा पहारा केला न्हाई," साखराबाई म्हणायच्या.

पूजेच्या वेळी त्या स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर अमृतरावांचं जुनं उपरणं टाकायच्या आणि वीसेक मिनिटांनी काढायच्या. आत बसून पूजा कर, असं अमृतरावांनी सुचवून पाहिलं. "सत्तावीस वर्षं झाली मी इथंच बसून राहिले. त्या डोळ्यापायी मी हलू व्हय?" इथे तो विषय संपला.

पण एका सकाळी त्यांनी विचारलं, "अहो, फडकं टाकलं तरी आवाज जातो का ओ?"

"जातो की," अमृतराव म्हणाले, जणू माईक त्यांनी स्वतः घडवला होता. "मुंगी चालली तरी नांदेडात ऐकू येईल."

"बंद न्हाई का होत?"

"शिवानी नको म्हणते. कुणी पडलं-झडलं तर कळायला पायजे म्हणते."

"मग त्यो आवाज आनखी कुणाकुणाला ऐकू जातो?"

ह्याचं उत्तर अमृतरावांकडे नव्हतं. दुकान वेगळं बिऱ्हाड केलेल्या पोराच्या हाती देऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि ह्या तीन वर्षांत त्यांना कुणी उत्तर नसलेला प्रश्न विचारला नव्हता. ते हरखून गेले.

पुढचे तीन महिने त्यांनी कंपन्या बघितल्या. मुलगी द्यायच्या घराची करतात तशी चौकशी केली. व्हिडिओ कुठल्या देशात ठेवता? किती दिवस? पोलिसांनी मागितला तर आम्हाला सांगून देता की न सांगता? तुमचा माणूस आमची ओसरी बघू शकतो का? ह्या शेवटच्या प्रश्नाला एका कंपनीनं "सामान्यतः नाही" असं उत्तर दिलं. सामान्यतः न उघडणारं कुलूप अमृतरावांनी आयुष्यात विकलं नव्हतं. ती कंपनी त्यांनी खोडली. एकीनं व्हिडिओ बघून माणसं ओळखणारं यंत्र फुकट देऊ केलं. घरात दोनच माणसं आणि दोघांची ओळख जुनी, म्हणून तीही खोडली. बायकोच्या पूजेचा एक शब्द परक्याच्या कानावर पडता कामा नये, ह्या हट्टानं ते सकाळी सकाळीच आतल्या खोलीत फोन घेऊन बसायचे. बाहेर ओसरीत पूजा चाललेली असायची.

शेवटी एक सापडली. व्हिडिओ घरातच कुलूपबंद होऊन मग कंपनीकडे जायचा आणि किल्ली, म्हणजे बारा शब्दांची एक ओळ, मालकाकडेच राहायची. शिवानीच्या फोनवर आता फक्त फाटक वाजल्याची खबर जाणार होती; कुरकुरत का होईना, तिनं ते मान्य केलं.

"किल्ली मी ठेवीन," साखराबाई म्हणाल्या.

"तू? आन इसरलीस तर?"

"मी आजवर काय इसरले? तुमचा चष्मा कोण हुडकून देतं रोज?"

अमृतरावांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. त्यांच्या घरात दुसऱ्याच्या तळहातावरच्या लिंगाकडे कुणी टक लावून बघत नसे. पूजा चालू असली की माणूस आपसूक तोंड फिरवायचा. त्याच सवयीनं त्यांनी तोंड फिरवलं. साखराबाईंनी बारा शब्द कागदावर उतरवले, घडी घातली आणि "झालं" म्हणाल्या.

सात महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. दवाखान्यात आठ दिवस काढले. पोटातली गाठ फार पसरली होती. एवढी कशी एकाएकी, असं अमृतरावांनी डॉक्टरला विचारलं, तेव्हा डॉक्टर "एकाएकी?" एवढंच म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

कंपनीच्या उत्तरानंतर कागदासाठी घर उलथंपालथं झालं. पिठाचे डबे, लुगड्यांच्या घड्या, पूजेची पेटी. शिवानी रोज नांदेडहून विचारायची, "अप्पा, सापडलं का? मला एकदाच ऐकायचाय तिचा आवाज." शेवटी ते एसटीनं देवणीला गेले. तिथे साखराबाईंची धाकटी बहीण उज्वला दिलेली होती.

उज्वलानं पाणी दिलं, चहा दिला आणि अमृतरावांनी कागदाचं नाव काढताच ती उठून फडताळाला पाठ लावून उभी राहिली. कागद कुठे आहे हे अमृतरावांना तिथेच कळलं.

"अक्कानं नको म्हणून सांगितलंय, दाजी."

"तिच्या पूजेचा आवाज हाय त्यात. मला दुसरं काय नको."

"पूजा पाच मिन्टाची असती," उज्वला म्हणाली.

पूजा किती मिनिटांची असते हे अमृतरावांनी कधी बघितलं नव्हतं.

"गाठ अक्काला दसऱ्यापासून मालूम होती. मीच घेऊन गेले दवाखान्यात. तुम्हाला सांगितलं, लुगडी घ्यायला चाललो. चिरफाड केली तर चार-सहा महिने वाढतील म्हणाला डॉक्टर. अक्का म्हणली, ते चार-सहा महिने ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवर काढायचे, त्यापरीस घरात आरामात बसू देत." तिनं पदरानं नाक पुसलं. "सकाळी लई दुखायचं तिला. तुम्ही आत, ती बाहेर. फडकं टाकून पूजा उरकायची आन मग तिथंच कण्हून घ्यायची. आवाज नांदेडला जातो म्हणून बेजार झालती. तुम्ही ती कंपनी हुडकून दिली, तर मला फोन करून म्हणली, ह्यांनी लई चांगलं काम केलं बघ."

तिनं फडताळातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ऐकू नका, दाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतराव ओसरीत साखराबाईंच्या जागी बसले. बारा शब्द एकेक करून भरले. त्या कोसळल्या त्याच्या आदल्या आठवड्यातला एक व्हिडिओ लावला.

साखराबाई स्टुलावर चढल्या. चेहरा अगदी जवळ आला. "मीट डोळे," त्यांनी कॅमेऱ्याला दटावलं, आणि अंधार झाला. ओम नमः शिवाय, पाच मिनिटं, सावकाश. मग काही नाही. मग दाताखाली काहीतरी धरून काढलेला एक आवाज, जो अमृतरावांनी पंचेचाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो थांबला. परत आला.

मग घरातून अमृतरावांचाच आवाज, मोठा, खुशीत, "अगं, ऐकलंस का? आनखी एक कंपनी सापडली. हिच्यापरीस पक्की हाय. बदलायची का?"

कण्हणं बंद झालं. "नका बदलू," साखराबाई म्हणाल्या, रोजच्या आवाजात, भाजी कोणती करू विचारावं तसं. "हीच बरी हाय. चहा घेतला का?"

"घेतो."

"घ्या. निवून राहिला."

आणि परत तो आवाज सुरू झाला.

अजून अकरा मिनिटं बाकी होती तेव्हा फोन वाजला. शिवानी होती.

"अप्पा, देवणीला मिळाला का कागद? उघडलं?"

अमृतरावांनी कागदाची घडी घातली.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "कुलूप लई पक्कं हाय. तू जेवलीस का?"