तंबूच्या दाराला कमान

बाहेर माणसं गायला लागली तेव्हा एस्किल घडीच्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. पहिली ओळ कानावर पडताच आपली धडगत नाही हे त्याला कळलं. इतक्या सकाळी, दुसऱ्याच्या दारात उभं राहून, बेसूर आणि तरीही एवढ्या आत्मविश्वासाने माणसं एकाच कारणासाठी गातात. तंबूच्या जाळीतून त्याने डोकावून पाहिलं. दाराभोवती देवदाराच्या फांद्यांची ही मोठी कमान उभी होती आणि वर चंदेरी कागदात कापलेला पंचविसाचा आकडा चमकत होता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे चांदीचं लग्न आलं, की शेजाऱ्यांनी गुपचूप कमान बांधायची आणि उजाडताच गाणी म्हणून जोडप्याला उठवायचं. शेजाऱ्यांनी रिवाजात कसलीही कसूर केली नव्हती. अडचण एवढीच होती की एस्किल आणि मारेन यांचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती.

कॅम्पिंगवर, म्हणजे समुद्रकाठच्या त्या उन्हाळी तंबूंच्या वस्तीत, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. समुद्राकडच्या ओळीतली जागा कुटुंबाला मिळते, माणसाला नाही. घर मोडलं की जागा परत. तिच्यासाठी रांगेत अर्धं आरहूस शहर उभं होतं. एका बाईने म्हणे बाळाचं नाव चर्चआधी इथे नोंदवलं होतं. फ्लॅट, गाडी, मांजर, चांदीचे चमचे, सगळ्याची वाटणी दोघांनी एका दुपारी हसतखेळत उरकली होती. जागेपाशी येऊन मात्र दोघंही अडले. मग ठरलं, उन्हाळाभर दोघांनीही यायचं, तोंडाला कुलूप लावायचं, मारेनने कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात झोपायचं आणि एस्किलने त्या घराला जोडलेल्या पुढच्या तंबूत. आणि आता गाणं संपताच सगळा गोतावळा न्याहारीला याच तंबूत शिरणार होता.

एस्किल उठला आणि पलंग मिटायला लागला. घडीचा म्हणून विकला गेलेला तो पलंग घडी सोडून बाकी सगळं व्हायचा. एक पाय आत दाबला की दुसरे दोन बाहेर यायचे. शेवटी त्याने तो तसाच उचलला आणि कॅरॅव्हॅनच्या दारावर टकटक केली. दार उघडून मारेन उभी राहिली. अंगात पोहायला जायचा टॉवेलचा झगा होता.

"पलंग आत घे," तो कुजबुजला.

"का?"

"कमान बांधलीय."

"कुणाची?"

"आपली."

मारेनने कान देऊन ऐकलं. "तिसरं कडवं चाललंय. गोर्मला चौथं येत नाही. आण लवकर."

दोघांनी मिळून पलंग दारातून रेटला. तो अर्धा आत गेला आणि आडवा झाला. मारेनने आतून ओढला, एस्किलने बाहेरून खांदा लावला. "नवरा गेला तेव्हा एवढा त्रास नव्हता झाला," ती दात ओठ खात म्हणाली. पलंग एकदाचा आत गेला आणि बाहेरचं गाणं थांबलं. एस्किलने दाराची चेन वर ओढली.

बाहेर गोर्म उभा होता. निवृत्त बसचालक, बाजूच्या जागेवरचा. याच दोघांच्या तांब्याच्या लग्नाला, साडेबारा वर्षं झाली तेव्हा, रिवाजाप्रमाणे अर्धी कमान त्यानेच बांधली होती. "उरलेली अर्धी डोक्यात बसली होती रे," तो एस्किलला मिठी मारत म्हणाला. "आज मोकळा झालो." त्याच्या मागे त्याची बायको उला पावांच्या पिशव्या घेऊन, तिच्या मागे सगळी ओळ, आणि सगळ्यांच्या मागे इंगर. कॅम्पिंग इंगर चालवायची. लोकांच्या चपला मोजून तंबूत पाहुणे किती आहेत हे सांगणारी बाई ती.

टेबलं जोडली गेली. पाव, लोणी, चीज, हेरिंग मासा, आणि सकाळी सकाळी घशाखाली घालायची ती कडू दारू. पहिला घोट उतरतो न उतरतो तोच सगळे चमच्यांनी ग्लास वाजवायला लागले. ग्लास वाजले की जोडप्याने खुर्चीवर उभं राहून मुका घ्यायचा असतो. एस्किल चढला, मारेन चढली, आणि त्याने तिच्या कानाच्या आसपास कुठेतरी ओठ टेकवले.

"सर्दी झालीय का तुम्हाला?" इंगरने खालून विचारलं.

"थोडी," एस्किल म्हणाला.

"दोघांना एकदम?"

"पंचवीस वर्षं झाली ना," गोर्म म्हणाला. "सगळं एकदमच होतं." आणि त्याने जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली. मग उलाने, मग सगळ्यांनी. पाय आपटले की मुका टेबलाखाली जाऊन घ्यायचा असतो. दोघं निमूटपणे टेबलाखाली गेले.

खाली उघड्या पोटऱ्यांची रांग होती आणि गोर्मचा कुत्रा पडलेली हेरिंग खात होता. मारेनने झगा सावरला आणि गवतावर मांडी घातली.

"मी आज इंगरला सांगणार," ती म्हणाली.

"एवढा उन्हाळा जाऊ दे."

"गप्प बसणं वेगळं आणि त्या फांद्यांखाली हसत बसणं वेगळं. गोर्मचे हात बघितलेस? देवदाराची सुयांसारखी पानं टोचून लाल झालेत. नाही जमायचं मला."

"जागा जाईल."

"जाऊ दे. तुला काय करायचीय ती जागा? तू पोहत नाहीस. वाळूला नावं ठेवतोस. तीन वर्षं त्या पलंगावर पाठीचा भुगा करून घेतलास. कशासाठी?"

वरून गोर्मचा आवाज आला, "चाललंय ना?"

"चाललंय," मारेन वर बघून म्हणाली.

"जागेसाठी नाही येत मी," एस्किल म्हणाला. "तू सकाळी पोहायला निघतेस ना, तेव्हा माझ्या पलंगावरून पाय टाकून जातेस. वाटेत मला शिव्या देतेस. मी जागा असतो. हिवाळाभर फ्लॅटमध्ये मला त्याच वेळेला जाग येते आणि कुणीच जात नाही." त्याने कुत्र्याला बाजूला सारलं. "मला तुझी फार आठवण येते, मारेन."

"हे सांगायला तुला टेबलाखाली यावं लागलं?"

"वर तू बोलू कधी देतेस?"

मारेनने त्याच्या केसात अडकलेला पावाचा तुकडा काढला, कुत्र्याला दिला आणि टेबलाखालून बाहेर निघाली. एस्किलही निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली.

"आमचा घटस्फोट झालाय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. जागेसाठी गप्प होतो. माफ करा."

मग उलाने हातातल्या पावाकडे बघून हळूच विचारलं, "मग हा खायचा की नाही?"

यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, लग्नच नाही तर न्याहारी कसली. कुणी म्हणालं, ज्यांचं लोणी लावून झालंय त्यांनी खावा. शेवटी लोणीवाल्यांचं म्हणणं मान्य झालं. गोर्म मात्र उठून कमानीसमोर उभा राहिला होता. "बावीस वर्षं म्हणजे तांब्याच्या पुढे आणि चांदीच्या अलीकडे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि कमानीच्या एका बाजूने हिशेबाने फांद्या उपटायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"नियम तो नियम," इंगर म्हणाली. तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. "जागा रिकामी करावी लागेल. ट्रॅक्टरने ओढून देते मी. कॅरॅव्हॅन कुणाची?"

"दोघांची," एस्किल म्हणाला.

"दोन दारांत एक कॅरॅव्हॅन नाही लावता येत."

"माझ्या दारात लाव," मारेन म्हणाली. "मला अंगण आहे."

एस्किलने मान हलवली. तिचं बरोबरच होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला अंगण कुठलं. सगळी वाटणी आता खऱ्या अर्थाने पुरी झाली होती.

"मग पुढचा तंबू सोडवून याला देते," इंगर म्हणाली आणि पहिली खुंटी काढायला वाकली.

"तंबूला हात लावू नकोस," मारेन म्हणाली. "जोडलेला आहे तसाच येऊ दे माझ्याकडे."

इंगर वाकलेलीच राहिली. गोर्मच्या हातात फांदी तशीच राहिली. एस्किलने मारेनकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. झग्याचा पट्टा आवळून पोहायला निघाली होती.

"पण हिवाळ्यात गारठशील हं त्या तंबूत," ती जाता जाता म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा बघू."