मऊ आवाजाचे साहेब

मी पोटासाठी लिहितो. खरं म्हणजे लिहायचो. आता एआयकडून लिहून घेतो आणि पैसे मात्र लिहिल्याचेच घेतो. दातांचे दवाखाने, पडद्यांची दुकानं, पाण्याच्या टाक्या धुणारे, सगळ्यांच्या वेबसाइटवर माझाच गोडवा सांडलेला असतो. एआयला सांगायचा मंत्र एकच. आपुलकीने लिही, वाचणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेव, उद्गारचिन्हं आवर.

माझ्या मावशीचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि त्याच्या शेजारी काकांचा फोटो. स्कूल काकांनीच काढलं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, आणि साहेबांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही ही त्यांची ख्याती होती. ते अपघातात गेल्यावर मावशी शिकवायला लागली, आणि मावशी ओरडते. गाडीच्या काचा बंद असल्या तरी चौकापर्यंत ऐकू जातं. माणसं दोन-चार धडे घेतात आणि काढता पाय घेतात. हळूहळू शिकायला कुणी उरलंच नाही. "गाडी विकून टाकू का रे?" असं तिने मला एकदा विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. गाडी गेली की स्कूल गेलं, आणि त्याखेरीज तिला दुसरं काही करावंसं वाटत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"वेबसाइट करू," मी म्हणालो.

"त्याने काय होईल?"

"लोक येतील."

"आणि माझं तोंड ऐकून जातील. बरं, कर."

तिच्याकडे माहिती मागितली तर तिने 'गाडी शिकवते' एवढंच सांगितलं. एवढ्यावर पान कसं भरणार? मग मी इंटरनेटवर पडून असलेले जुन्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय उचलले, एआयच्या पुढ्यात ओतले आणि मंत्र म्हटला. अभिप्राय साहेबांच्या काळातले आहेत, हे त्याला सांगायचं राहिलं. आलेला मजकूर मीही वरवर चाळला आणि वेबसाइटवर टाकला. घरचं काम, तेही फुकटचं, त्यामुळे कोण एवढं बघतंय?

'आमच्याकडे गाडी नाही, आत्मविश्वास शिकवला जातो,' असं ते पान सुरू होत होतं. 'आमचे साहेब कधीही आवाज चढवत नाहीत. त्यांच्या मायेच्या शब्दांत तुमची भीती विरघळून जाईल.' माझ्या आईने वाचून डोळे पुसले. "भाओजी अगदी अस्से होते," ती म्हणाली.

आणि फोन वाजायला लागला. मावशी उचलायची. "साहेब आहेत का?" "नाहीत." "कधी येतील?" यावर ती फोन ठेवून द्यायची. एक बाई तर थेट खोलीत आल्या. बँकेत नोकरी, हातात पर्स घट्ट धरलेली. म्हणाल्या, "मला फार भीती वाटते, मला साहेबांकडेच शिकायचंय." मावशीने फोटोकडे बोट दाखवलं. बाई ओशाळल्या, दोनदा माफ करा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा मावशी तयारच बसली होती.

"गाडी शिकवत नाही म्हणे आपण. मग मी इतकी वर्षं काय करतेय रे, लेखकराव? हा तुझा एआय आहे की भाट?"

"चुकलं माझं. पण अगं, किती दिवसांनी फोन येतायत! आपण थोडंच बदलू. 'साहेबांची मृदू परंपरा आजही चालू आहे.' चालेल?"

"मृदू काढ."

"लोकांना तेच तर हवंय."

"त्या मऊपणानेच गेले ते," मावशी म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी ती मागच्या सीटवर होती. एक मुलगी गाडी चालवत होती आणि समोरून ट्रक वळत होता. "हे म्हणाले, 'ब्रेक दाबा बरं.' बरं म्हणाले! चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मला त्यांच्या आवाजाची सवय, म्हणून मला ऐकू आलं. त्या पोरीला कुठलं येतंय? ती बिचारी हात मोडून वाचली." तेव्हा गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखालचा दुसरा ब्रेक नव्हता. तो मावशीने नंतर बसवून घेतला.

"मग आता ब्रेक आहे, तर ओरडतेस कशाला?"

"पाय पोचायच्या आधी आवाज पोचतो."

"आणि हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"सगळे त्यांच्या आवाजाचं तेवढं एकच कौतुक करतात. तेही काढून घेऊ?"

मला भडभडून आलं. आणि खोटं कशाला बोलू, लगेच धंद्याची अक्कलही आली. मी तिथेच लॅपटॉप उघडून सगळी हकीकत एआयला सांगितली आणि मंत्र म्हटला. बघता बघता त्याने असं काही लिहिलं की वाचणाऱ्याने रडत रडत नाव नोंदवावं. मावशीने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिहितो मेला," ती म्हणाली. "पूस ते."

मग मला खुर्चीवरून उठवून ती स्वतः बसली आणि त्याला शिकवायला लागली. 'मी ओरडते' असं तिने लिहिलं की तो 'ठाम मार्गदर्शन' करायचा. पुन्हा लिहिलं, तर 'उत्साही प्रशिक्षण'. शेवटी ती पडद्यावरच खेकसली, "अरे सरळ चल ना! कुणी सांगितलं वळायला?" आणि जसंच्या तसं ठेव, अशी तंबी देऊन तिने तिसऱ्यांदा लिहिलं. या वेळी तो वळला नाही.

'हे स्कूल साहेबांनी काढलं. ते आता नाहीत. मी शिकवते. मी ओरडते. तुम्हाला माझा राग येईल. तो घरी जाऊन काढा. घरी पोचवायची जबाबदारी माझी.'

यात आणखी आपुलकी आणू का, असं एआयने विचारलं. मी नको म्हणालो. या धंद्यात मी असं पहिल्यांदाच म्हणालो असेन.

नवं पान लावलं आणि फोन यायचे बंद झाले. मी मनातल्या मनात गाडीला गिऱ्हाईक शोधायला लागलो. आणि एका सकाळी बँकेतल्या बाई पुन्हा दारात.

"खरंच ओरडता?"

"हो."

"आधीच्या क्लासमध्ये सगळे फार गोड बोलायचे. मी भिंतीवर गाडी घातली तरी 'छान' म्हणाले." त्यांनी पर्स खाली ठेवली. "मला घरी दोन मुलं आहेत."

मावशीने किल्ली उचलली. मी खोलीतच थांबलो. गाडी आचके देत निघाली, कोपऱ्याशी पोचली, आणि मग आलं ते, "ब्रेऽऽक!" रस्त्याने चाललेली दोन माणसं जागच्या जागी उभी राहिली. समोरचा सायकलवाला थांबला. गाडीही थांबली.

परत आल्या तेव्हा बाईंचं तोंड रागाने लाल झालं होतं. त्यांनी दार आपटलं, "उद्या याच वेळी येते," असं भांडल्यासारखं सांगितलं आणि तरातरा चालायला लागल्या. मावशी गाडीला टेकून उभी होती. मी चल म्हटलं तरी हलली नाही. बाई रस्ता ओलांडून पलीकडच्या वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच बघत राहिली.