मी कलाबाईच्या परसातली पांढरी

तापीकाठी सुरत शहर. शहराच्या दक्षिणेला भेस्तान, भेस्तानात रुळांपलीकडे एक लांबट गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याचं एक घर. त्या घरात कलाबाई नावाची म्हातारी राहत होती. तिला एक सून, उज्ज्वला. एक नात, साक्षी. परसात तीन गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. एक मुलगाही होता, लखन. उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला जायचा. आदल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. तेव्हापासून त्या घरात भांड्यांचा आवाज होता, माणसांचा नव्हता.

मी कोंबडी बोलतेय. पांढरी, एका पायानं लंगडी. या गोष्टीत मी जरा उशिरा येते, कारण तेव्हा मी कामरेजच्या पुढे एका मोठ्या शेडमध्ये पिंजऱ्यात होते.

माझी आई कोण, ते मला माहीत नाही. मी मशीनच्या उबेत जन्मले. आम्ही एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच गरम पात्यानं माझ्या चोचीचं टोक उडवलं. मग पिंजरा. एकीला वळायचं तर बाकीच्यांनी अंग चोरायचं, एवढीच जागा. पायाखाली माती कधी आली नाही, तारच होती. त्या तारेला पुढे उतार होता, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत पन्हळीत जायचं. मी इतकी अंडी घातली, पण एकही धड पाहिलं नाही. मागे वळून बघेपर्यंत ते गेलेलं असायचं. दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा, ते बल्ब ठरवायचा.

अंडी कमी झाली की शेड रिकामी करतात. रात्री ट्रक येतो. त्या ट्रकात गेलेली कुणी परत आली नाही, म्हणून पुढचं मला सांगता येणार नाही.

आमची पाळी आली त्या आठवड्यात दीप्ती नावाची एक मुलगी शेडवर आली. तिच्या वडिलांचा साड्यांचा धंदा. उज्ज्वला त्यांच्याकडूनच साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायची. दीप्तीला जीवदयेचं वेड. तिनं मालकाकडे थोड्या कोंबड्या मागितल्या. मालकाला काय, दोन-चार क्रेट कमी गेले तरी ट्रक भरायचाच होता. मग ती ज्यांच्या घरामागे जागा आहे अशा ओळखीच्या लोकांकडे आम्हाला घेऊन हिंडू लागली.

कलाबाईच्या दारात क्रेट ठेवून ती अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलली. कापायचं नाही. अंडी दिली तर खा. बंद झाली तरी दाणा घाला. मेली तर पुरा.

कलाबाई हसली. म्हणाली, "कोंबडीची माती करायची? मग तेरावंही घालू का?"

आणि बोलता बोलता थांबली. लखनचं तेरावं त्या घरात आदल्या पावसाळ्यातच झालं होतं.

आत उज्ज्वला साडी पसरून बसली होती. बोटांना डिंक, पुढ्यात टिकल्यांची वाटी. ती उठली, बाहेर आली आणि क्रेटमध्ये हात घालून तिनं मलाच उचललं. माझ्या छातीवर पीस नव्हतं, नखं वाढून वाकडी झाली होती, तुरा पिचकून डोळ्यावर आला होता. ती म्हणाली, "राहू द्या आत्या. यांना मी बघेन."

कलाबाई सुनेकडे बघतच राहिली. लखन गेल्यापासून 'हो', 'नाही' आणि 'जेवायला वाढलंय' यापलीकडे सून बोललेली तिला आठवत नव्हतं.

अशी मी माझ्या चार मैत्रिणींबरोबर त्या परसात आले. पहिल्यांदा पायाला माती लागली तेव्हा मी तिथंच बसले. मला वाटलं, खाली काहीच नाही, आपण पडतोय. परातीत पाणी ठेवलं, तर आम्हाला ते पिता येईना. आम्हाला नळीच्या टोकाला चोच लावायची सवय. साक्षीनं बोट बुडवून एकेकीच्या चोचीला लावलं, तेव्हा कळलं.

आता कलाबाईचं सांगते. बाजारातून आणलेली कोंबडी नव्या घरातून पळू नये म्हणून तिच्या पायात दोरी घालून खाटेला बांधायची आणि घर ओळखीचं झालं की सोडायची, ही तिच्या गावची, दोंडाईच्याकडची रीत. तिची आई तसंच करायची, सासूही तसंच. सुरतेत दोरी नसली तरी साडीचे कापलेले काठ हवे तेवढे. एकेकीच्या पायात तिनं जरीचा काठ बांधला. हौसेनं बांधला हो, मनात वाईट काही नव्हतं.

दुपारी तिथला कोंबडा आम्हाला बघायला आला. त्याचं नाव शेठ. मान फुगवून त्यानं माझ्यावर झेप घेतली. मी घाबरून उडायला गेले. उडायला मला कुठं येत होतं? काठाला हिसका बसला आणि माझा पाय वाळल्या काटकीसारखा मोडला.

कलाबाई धावत आली. मला मांडीवर घेतलं, पाय चाचपला. जन्मभर तिनं कोंबड्या बांधल्या होत्या, असं कधी झालं नव्हतं. उज्ज्वला मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, दीप्तीनं सांगितलं होतं, यांना बांधू नका. सगळा चुना अंड्यांच्या कवचात जातो, हाडात काही उरत नाही.

"तुला माहीत होतं?" कलाबाई म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं, आत्या?"

"अन् तू बोलतेस कुठं?"

 माझा पाय तसाच लोंबत होता. शेवटी कलाबाई म्हणाली, "जा, हळद आण. अन् झाडूची एक काडी."

एकीनं पाय धरला, दुसरीनं बांधला. त्या दिवशी बाकीच्यांच्या पायांतले काठ सुटले.

माझा पाय बरा होईपर्यंत मी टोपलीत चुलीजवळ असायची. रोज सकाळी कलाबाई पट्टी बदलायची, आणि पट्टी बदलताना बोलायची. सुनेला जे सांगता येत नव्हतं, ते ती मला सांगायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येतेय. आखाजीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो, तसा उज्ज्वलाचा भाऊ प्रमोद येणार. पण यंदा तो कायमचं न्यायला येतोय, फोनवर तसं म्हणाला. आणि त्याचं तरी काय चुकलं? तरणी पोर आहे, इथं तिचं कोण आहे? मग ती हळू आवाजात म्हणायची, "ती गेली तर या घरात मी अन् तुम्ही."

शेजारच्या धुरपदाबाईनं एक दिवस तिला युक्ती सांगितली. साक्षीच्या शाळेचं निमित्त करायचं आणि नातीला ठेवून घ्यायचं. "पोर इथं असली म्हणजे माय कुठं जाते? चार दिवसांत माघारी येईल."

 कलाबाई माझ्या पायाची पट्टी सोडत होती, ती तिनं पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.  

दरम्यान मी चालू लागले. वाकडी चालायची, पण चालायची. साक्षी शाळेतल्या गुजरातीत ओरडली, "आजी, जो ने, चाले छे!" बघ ना, चालतेय! आणि त्याच सकाळी परसातल्या शेवग्याखाली मी अंडं घातलं. सवयीनं मागे वळले. ते तिथंच होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. कुठं गेलं नाही. मी त्याला चोच लावली, ते ऊन होतं.

संध्याकाळी मात्र आमचा घोटाळा व्हायचा. गावठी कोंबड्या अंधारायच्या आत आपणहून खुराड्यात जायच्या. आम्ही पांढऱ्या मात्र परसात उभ्या, कुणी बल्ब बंद करील म्हणून वाट बघत. मग उज्ज्वला आणि साक्षी एकेकीला उचलून आत ठेवायच्या. गावठी कोंबड्यांत मोठी होती ती भुरी. पहिल्यांदा आम्हाला टोचून टोचून कोपऱ्यात बसवायची. पुढे पुढे तिनंही सरकून जागा दिली.

आखाजीच्या तोंडावर भुरी खुडूक झाली. पीस फुगवून बसायची, जवळ गेलं की गुरगुरायची. आम्हा पिंजऱ्यातल्यांना असं कधी होत नाही. अंडी उबवायचं आमच्यातून कुणीतरी काढूनच टाकलंय.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी प्रमोद आला, सकाळीच निघू म्हणाला. पण वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर भरायची होती, म्हणून उज्ज्वला म्हणाली, घागर भरून दुपारी निघू. सकाळी तिनं लखनच्या नावानं मातीची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. पितरांना घास टाकला. सांजोऱ्या झाल्या, रस झाला. जेवताना प्रमोद अदबीनंच बोलला, पण बोलला. "मावशी, ताई आता तिकडेच राहील. आईनं खोली झाडून ठेवलीय."

कलाबाई त्याला रस वाढत राहिली. वाटी भरून सांडायला लागली तेव्हा थांबली.

जेवणं झाल्यावर मी दारातून पाहिलं. कलाबाईनं स्वतः साक्षीचे कपडे भरले. मग शाळेचं दप्तर घेतलं, फळीवरची सगळी पुस्तकं त्यात घातली, मागे एकही ठेवलं नाही. धुरपदाबाई उंबऱ्यात उभी राहून डोळे वटारत होती. कलाबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. दप्तर उज्ज्वलाच्या हातात दिलं आणि घरच्या अहिराणी बोलीत म्हणाली, "तुले ऱ्हानं व्हई ते ऱ्हाय तठे, येनं व्हई ते ये. मी तुले बांधी ठेवणार नही."

राहावंसं वाटलं तर तिथं राहा, यावंसं वाटलं तर ये. मी तुला बांधून ठेवणार नाही.

 उज्ज्वला परसात आली. पाटीत पेंढा घातला, त्यात लोखंडी खिळा ठेवला, म्हणजे गडगडाटानं अंडी नासत नाहीत. शेवग्याखालून गोळा करून ठेवलेली अंडी आणली. त्यात माझी पांढरीही होती. भुरीला पाटीत बसवून ती तिच्याखाली एकेक सरकवून ठेवली. मग हात धुतले आणि निघाली. उधन्याहून गाडी होती.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण या घरात एक रीत आहे. खुडूक कोंबडीखाली जिनं अंडी ठेवली, पिल्लं निघाल्यावर पहिल्यांदा हातात घ्यायची ती तिनंच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कलाबाईला ती रीत माहीत होती. उज्ज्वलालाही माहीत होती. तिनं ती आठवून केलं की चुकून, ते विचारायला ती तिथं नव्हती.

मागे राहिलो आम्ही. कलाबाई भुरीला रोज दाणापाण्यापुरती बाहेर काढायची आणि पुन्हा बसवायची. स्वतः जेवायची विसरायची. फोन वाजला की पदराला हात पुसत धावायची. फोनवर साक्षी बोलायची, झोका बांधला, आंबे खाल्ले, लंगडी काय करते. परत कधी येणार, हे कलाबाईनं एकदाही विचारलं नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी आभाळ लालसर झालं आणि मला वाटलं, आता आत जावं. कुणी सांगितलं नाही, कुणी उचललं नाही. मी लंगडत गेले आणि खुराड्यात शिरले. माझ्यामागून बाकीच्या चौघी आल्या. कलाबाई पायरीवर बसली होती. तिनं पाहिलं. मग उठून खुराड्याचं दार लावलं.

मग अंडी फुटली. सकाळपासून भुरीच्या पंखांखालून चिवचिव ऐकू येऊ लागली. धुरपदाबाई भिंतीवरून वाकून म्हणाली, काढ बाहेर, मोज, कवचं टाक. कलाबाईनं पाण्याची वाटी जवळ ठेवली, कणी ठेवली आणि मांजर येऊ नये म्हणून काठी घेऊन शेजारी बसली. हात लावला नाही.

"अगं, ती काय येतेय आता? तू किती दिवस बसणार?"

"जिनं ठेवली तिनंच घ्यायची," कलाबाई म्हणाली.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर गल्लीत रिक्षा थांबली. आधी साक्षी धावत आली, खांद्याला तेच जड दप्तर. मागून उज्ज्वला, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. बरोबर कुणी नव्हतं.

कलाबाई उठली नाही.  बसल्या बसल्याच म्हणाली, "उनी का व माय?"

"आले आत्या." उज्ज्वलानं गाठोडं उतरवलं. "प्रमोद थोडा रागावलाय. येईल पावसाळ्यात. निघाली का पिल्लं?"

"कालपासून ओरडताहेत. मी हात लावला नाही."

 उज्ज्वला नळावर जाऊन हात धुऊन आली आणि भुरीखाली हात घातला. भुरी गुरगुरली नाही. पहिलं पिल्लू निघालं ते पिवळंधमक, माझ्या अंड्यातलं. तिनं ते कलाबाईच्या ओंजळीत ठेवलं. त्या दोघी तेव्हा पहिल्यांदा रडल्या. घरात माणूस गेला तेव्हा एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या.

आज त्या पिल्लाला तुरा आलाय. दीप्ती आणखी एक क्रेट घेऊन आली, तेव्हा त्यांना कुठं ठेवायचं ते उज्ज्वलानं सांगितलं आणि पाणी कसं पाजायचं ते कलाबाईनं. टिकल्या लावताना आता दोघी समोरासमोर बसतात आणि इतकं बोलतात की साक्षी कानावर हात ठेवते. मी आताशा क्वचितच अंडं देते. दाणा मात्र रोज मिळतो, आणि मेल्यावर पुरायला शेवग्याखालची जागा माझ्यासाठी ठरलेली आहे, कलाबाईनं मला ती दाखवलीय.

तुम्हाला एवढंच सांगते. नवं कुणी दारी आलं, तर आधी त्याला पाणी प्यायला शिकवा. पायात काही बांधू नका. संध्याकाळ झाली की ते आपणहून आत येतं, थोडी वाट बघावी लागते. कलाबाईच्या घरी जशी पिल्लं निघाली आणि बोलणं परतलं, तशी तुमच्या दारीही संध्याकाळी कुणाची तरी रिक्षा थांबो.